बॅटरी ‘पूर्ण उतरू द्या’ हा सल्ला मागे घ्या, आतल्या प्लेटा मरतात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत उन्हाळ्यात घरच्या इन्व्हर्टरची काळजी कशी घ्यायची अशी एक चौकट आली होती. बाकी मुद्दे ठीक होते, डिस्टिल्ड वॉटर टाका, हवा खेळती ठेवा वगैरे. पण त्यात एक असंही होतं की बॅटरी महिन्यातून दोनदा पूर्ण उतरू द्यावी, अगदी बंद पडेपर्यंत, आणि मगच चार्जिंगला लावावी म्हणजे ती ताजी राहते. साहेब हे चूक आहे, आणि साधीसुधी चूक नाही, आमच्या लाईनीतल्या दोन घरांनी ते वाचून त्याच दिवशी मेन स्विच बंद केला आणि सगळे पंखे लावून बॅटरी उतरवायला घेतली, मला संध्याकाळी कळलं तेव्हा मी स्वतः जाऊन थांबवलं. म्हणून हे पत्र. थोडं लांब होईल पण कृपा करून कापू नका, कारण नुसतं ‘असं करू नका’ म्हटलं तर कोणी ऐकत नाही, आत काय होतं ते समजावून सांगितलं की लोक ऐकतात असा माझा अनुभव आहे.

मी नागपुरातल्या एका ज्युनियर कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमधे लॅब असिस्टंट होतो, ३१ वर्षं. पोट्टे मला काकाच म्हणायचे. प्रॅक्टिकलला डॅनियल सेल, म्हणजे जस्त आणि तांब्यापासून वीज देणारा साधा सेल, लावायचा म्हणजे जस्ताच्या आणि तांब्याच्या पट्ट्या काढून घासून ठेवणं, मोरचुदाचं म्हणजे कॉपर सल्फेटचं निळं पाणी करणं, पोरस पॉट म्हणजे बारीक छिद्रांचं मातीचं भांडं भिजवून ठेवणं हे माझं काम. आता यातली गंमत अशी की मुलं त्या सेलपाशी जेमतेम दहा मिनिटं असायची, व्होल्टमीटरवर १.१ च्या जवळपास आकडा आला की वहीत लिहिला आणि पुढच्या प्रयोगाला, पट्ट्यांकडे कोणी बघायचंच नाही. पण त्याच पट्ट्या वर्षभर माझ्या हातातून जायच्या, त्यामुळे मला दिसायचं. जूनमधे आलेली नवी जस्ताची पट्टी मार्चपर्यंत पातळ होऊन जायची, कडा ब्लेडसारख्या धारदार, कोपरे गोल, मधे मधे खड्डे, आणि दोन-तीन वर्षांची जुनी पट्टी उजेडात धरली तर आरपार भोकं. थोडं माझ्या पॉलिश पेपरनेही जायचं हे खरं आहे, पण कडा आणि कोपरे आधी जातात ते करंटमुळे, कारण करंट कडांवर जास्त गोळा होतो. आणि तांब्याच्या पट्टीचं उलट, ती जाड व्हायची. हळू करंट घेतला तर तिच्यावर छान गुलाबीसर घट्ट थर बसतो, आणि घाईघाईत जास्त करंट ओढला की तोच थर काळपट, भुसभुशीत, बोट लावलं की हाताला येतो.

एकदा एका मुलाने वहीत निरीक्षणात लिहिलं होतं, ‘इलेक्ट्रोडमधे बदल नाही’, इलेक्ट्रोड म्हणजे या पट्ट्याच. मी त्याला विचारलं, काहून बे, तू बघितलं का? तर म्हणे काका, पुस्तकातल्या चित्रात तर दोन्ही पट्ट्या सारख्याच आहेत. त्याचं तरी काय चुकलं. चित्रात दोन सरळ रेघा काढतात, सेल चालू व्हायच्या आधीच्या आणि नंतरच्या सारख्याच. मग मी त्याला त्याच सेलची पट्टी काढून धुवून वाळवून तराजूवर ठेवायला लावली. एक अँपिअर करंट एक तास वाहिला तर जस्त १.२२ ग्रॅम जातं आणि तांबं १.१९ ग्रॅम चढतं, हा फॅरेडे या शास्त्रज्ञाचा हिशोब आहे, तो चुकत नाही. लॅबमधे करंट याच्यापेक्षा बराच कमी असतो म्हणून फरक मिलिग्रॅममधे येतो, पण येतो, आणि स्वतःच्या हाताने तोललेला फरक पोरगा जन्मात विसरत नाही.

म्हणजे सांगायचं हे की सेलमधे वीज ‘भरून ठेवलेली’ नसते. टाकीतून पाणी काढावं तशी ती निघत नाही. जस्ताचा अणू दोन इलेक्ट्रॉन तारेत सोडतो आणि स्वतः पाण्यात उतरतो, तिकडे पाण्यातला तांब्याचा आयन, म्हणजे दोन इलेक्ट्रॉन कमी असलेला अणू, तारेतून आलेले दोन इलेक्ट्रॉन घेतो आणि पट्टीवर बसतो, बस, त्या मधल्या प्रवासालाच आपण करंट म्हणतो. जितका करंट घेतला तितकी पट्टी बदलली. १८३६ मधे डॅनियलने हा सेल केला तेव्हाही त्यात वरच्या बाजूला मोरचुदाचे खडे ठेवायची सोय होती, कारण तांबं पट्टीवर बसत गेलं की पाण्याचा निळा रंग फिका पडत जातो, त्याची भरपाई करावी लागते. एक आणखी गोष्ट, कधीकधी जस्ताची पट्टी काळी पडते, मुलांना वाटायचं की जळली. जळत बिळत काही नाही, पोरस पॉटमधून थोडं निळं पाणी झिरपून जस्तापर्यंत पोचतं आणि तिथेच तांब्याचा बारीक काळा भुगा बसतो, तो करंट आपल्याला मिळत नाही, जस्त मात्र फुकट जातं.

इथे मराठी शब्दांबद्दल एक बोलतो, कारण हे मला फार वर्षांपासून खुपतं. दहावीपर्यंत मराठी माध्यमात ॲनोडला धनाग्र शिकवतात आणि कॅथोडला ऋणाग्र. विद्युत अपघटन करायचं असेल, म्हणजे बाहेरून वीज देऊन पदार्थ फोडायचा असेल, तिथे हे बरोबर बसतं. पण सेलमधे? सेलमधे ॲनोड म्हणजे जस्त, आणि जस्ताचं टोक तर मायनस! म्हणजे धनाग्राचं टोक ऋण, आणि पोरगं अकरावीत आल्यावर डोकं धरून बसतं, त्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय. फॅरेडेने १८३४ मधे विल्यम व्हीवेल या इंग्रज विद्वानांना विचारून हे शब्द ठरवले तेव्हा ग्रीकमधून घेतले, वर जायची वाट आणि खाली जायची वाट असा त्यांचा अर्थ, त्यात प्लस-मायनस काहीच नव्हतं. ते आपण भाषांतरात घातलं. ज्या टोकावर पदार्थ इलेक्ट्रॉन सोडतो तो ॲनोड आणि ज्या टोकावर घेतो तो कॅथोड, सेल असो नाहीतर विद्युत अपघटन, एवढं एकच वाक्य शिकवलं असतं तर आमच्या किती मुलांचे मार्क वाचले असते. पाठ्यपुस्तक करणाऱ्यांनी यावर विचार करावा असं मी या पत्राच्या निमित्ताने मनापासून म्हणतो.

आता मुख्य मुद्द्यावर येतो, इन्व्हर्टरची बॅटरी. ही शिसं आणि ॲसिडची, १८५९ मधे फ्रान्सच्या प्लांते यांनी केलेली, आणि अजूनही घरोघरी तीच. आत सहा घरं, प्रत्येक घरात चॉकलेटी रंगाची पॉझिटिव्ह प्लेट म्हणजे लेड डायऑक्साइड, आणि राखाडी निगेटिव्ह प्लेट म्हणजे स्पंजसारखं शिसं. बॅटरी उतरते तेव्हा या दोन्ही प्लेटा एकाच पदार्थात बदलायला लागतात, पांढऱ्या लेड सल्फेटमधे. डॅनियलमधे एक पट्टी झिजते आणि दुसरी वाढते, इथे दोन्ही बदलतात आणि ॲसिडही त्यातच खर्च होतं. मी कागदावर हिशोब केला, १५० अँपिअर-अवरची बॅटरी पूर्ण उतरवली तर सहा घरं मिळून जवळजवळ साडेतीन किलो शिसं आणि चार किलो लेड डायऑक्साइड सल्फेटमधे जातं, आणि पाण्यातलं सव्वातीन किलोच्या वर ॲसिड प्लेटांमधे जाऊन बसतं. चार पंखे आणि दोन लाईट चालवून पूर्ण बॅटरी उतरवली की आत एवढी उलथापालथ झालेली असते.

आता नीट ऐका. शिशाचं सल्फेट होतं तेव्हा ते अडीच पटीहून जास्त जागा घेतं, आणि लेड डायऑक्साइडचं होतं तेव्हा जवळपास दुप्पट. म्हणजे प्लेट आतून फुगते. चार्जिंग केलं की परत आक्रसते. थोडी थोडी उतरली तर हे फुगणं-आक्रसणं प्लेट सोसते, पण पूर्ण उतरवली की भसाभस फुगते, पॉझिटिव्ह प्लेटचा मसाला, म्हणजे तेच लेड डायऑक्साइड, सुटतो आणि चॉकलेटी गाळ होऊन तळाशी बसतो, गाळ वाढून प्लेटांना टेकला तर ते घर शॉर्ट. ट्यूबलर बॅटरीत मसाला नळ्यांमधे कोंडून ठेवतात तो याचसाठी, त्याने गळणं कमी होतं, थांबत नाही.

आणि दुसरं त्याहून वाईट. सल्फेट ताजं असतं तेव्हा त्याचे कण बारीक असतात, चार्जिंगला लावलं की परत शिसं आणि लेड डायऑक्साइड होतात. पण उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की बारीक कण विरघळून मोठ्या कणांवर बसत जातात, साखरेच्या पाकात खडीसाखर धरते ना तसं, आणि एकदा ते मोठे टणक खडे झाले की चार्जिंगचा करंट त्यांच्यापर्यंत नीट पोचतच नाही. यालाच बॅटरीवाले ‘सल्फेट धरलं’ म्हणतात. तुमच्या चौकटीतल्या सल्ल्याने लोक नेमकं हेच करतील, संध्याकाळी बॅटरी बंद पडेपर्यंत उतरवतील आणि नेमकी लाईट गेली, नाहीतर चार्जिंगला लावायचं विसरले की गेली ती. हा सल्ला कुठून आला असेल ते मला माहिती आहे, जुन्या निकेल-कॅडमियमच्या सेलांत मेमरी इफेक्ट नावाचा प्रकार होता, त्याला पूर्ण उतरवून चार्ज करा म्हणायचे. तो नियम शिशाच्या बॅटरीला लावणं म्हणजे गुराचं औषध माणसाला देणं.

माझ्या स्वतःच्या घरी झालंय म्हणून इतक्या पोटतिडकीने लिहितोय. दोन वर्षांपूर्वी एप्रिल-मे आम्ही मुलीकडे पुण्याला होतो, जाताना मेन बंद केला पण इन्व्हर्टरचा स्विच चालूच राहिला, तो स्वतःच थोडा थोडा करंट खात राहिला आणि बॅटरी उतरून दीड महिना तशीच पडली, तीही नागपूरच्या उन्हाळ्यात बंद घरात. परत आलो तर चार्जच घेईना. झाकण काढून टॉर्च मारला तर प्लेटांच्या कडांवर पांढरट थर. मी दवाखान्यात गेलेलो असताना दुरुस्तीवाला आला, त्याने ग्रॅव्हिटी, म्हणजे आतल्या ॲसिडच्या पाण्याचा दाटपणा, बघितली, ११०० च्या जवळ, म्हणाला ॲसिड कमी झालंय, आणि प्रत्येक घरात ॲसिड ओतून पैसे घेऊन गेला. अरे ॲसिड कमी कुठे झालं होतं, ते प्लेटांमधे सल्फेट होऊन बसलं होतं! चार्जिंगने जेवढं सल्फेट सुटलं तेवढं ॲसिड परत पाण्यात आलं, त्यात याने वरून ओतलेलं, मग ते इतकं तीव्र झालं की उरलेल्या प्लेटा पण खाल्ल्या. महिनाभरात बॅटरी भंगारात. चांगल्या भरलेल्या बॅटरीची ग्रॅव्हिटी १२४० ते १२८० मधे असते, कमी दिसली तर आधी सावकाश पूर्ण चार्ज करून मग परत मोजायची, पातळी कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर, कारण चार्जिंगमधे पाणीच फुटून हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन उडतं, ॲसिड उडत नाही. नळाचं किंवा बोअरचं पाणी तर मुळीच नाही, त्यातलं लोह आणि क्लोराईड प्लेटांच्या मागे लागतं.

इथल्या बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, एका ई-रिक्षावाल्याशी बोलणं झालं मागच्या आठवड्यात. तो म्हणाला, “काका, नवीन बॅटऱ्या टाकल्या होत्या, आठ महिन्यात बसल्या, कंपनीवाले फसवून राहिले.” मी विचारलं, भाऊ, कधी चार्ज करतो? “पूरी खाली होईपर्यंत चालवतो ना, मग रात्री लावतो. मालकानेच सांगितलं.” त्याला मी तिथेच फुटपाथवर बसून प्लेटांचं समजावलं, दुपारी जेवायच्या वेळी तास-दीड तास लावत जा, अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नको. आणि ऊन. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तापमान दहा डिग्री वाढलं की शिशाच्या बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं असा या धंद्यातला ठोकताळा आहे, कारण पॉझिटिव्ह प्लेटच्या आतली शिशाची जाळी गरमीत भराभर गंजते. म्हणून इन्व्हर्टर गच्चीवरच्या टिनाच्या खोलीत ठेवू नका, जिन्याखाली ठेवा.

इलेक्ट्रोड बदलतो म्हणजे काय हे बघायला लॅब लागत नाही, आपला कूलर बघा. जुना पत्र्याचा कूलर, गॅल्व्हनाईज्ड टाकी. म्हणजे लोखंडावर जस्ताचा मुलामा. जूनमधे कूलर धुवायला काढला की टाकीच्या आत पांढरी भुकटी खरवडून निघते ना, ती सगळी क्षारांची नसते, त्यात खर्च झालेलं जस्तही असतं. टाकीचं पाणी उडत राहतं, क्षार मागे राहून पाणी जड होत जातं, करंट वाहायला एकदम सोयीचं, आणि पत्रा कुठे खरचटला असेल तर तिथे जस्त आणि लोखंड मिळून एक छोटा सेलच तयार होतो, त्यात जस्त ॲनोड होऊन स्वतः जातं आणि लोखंडाला वाचवतं. जस्त संपलं की मग लाल गंज सुरू. त्यात पितळेचा नळ किंवा फ्लोट व्हॉल्व्ह पत्र्याला थेट घट्ट बसवला असेल तर बघा, नळाच्या भोवतीच गोल डाग पडून पत्रा आधी सडतो, कारण पितळ तिथे कॅथोड होतं. मधे रबरी वॉशर टाका, फरक पडतो. मी स्वतःच्या कूलरला टाकले आहेत.

मोबाईल आणि ई-स्कूटरचं थोडक्यात, कारण लोक तेही विचारतात. लिथियमच्या बॅटरीत प्लेट विरघळत वगैरे नाही, ग्रॅफाइटचे थर असतात आणि चार्जिंगमधे लिथियम त्या थरांच्या मधे जाऊन बसतं, लहानपणी पुस्तकाच्या पानात मोरपीस ठेवायचो तसं, आणि मोरपिसाने पुस्तक जाड होतं तसं ग्रॅफाइटही जवळपास दहा टक्के फुगतं, इतकंच काय पूर्ण भरलं की त्याचा काळा रंग जाऊन सोनेरी होतो. ग्रॅफाइटच्या अंगावर एक पातळ साल धरते, ती सालही लिथियम खाते, म्हणून फोन जुना झाला की लवकर उतरतो. गरमीत ती साल भराभर वाढते. त्यामुळे भर उन्हातून आणलेली स्कूटर लगेच चार्जिंगला लावू नका, अर्धा तास सावलीत राहू द्या. हिलाही रोज शून्यावर आणायची काहीच गरज नाही.

आणि भिंतीवरच्या घड्याळात, रिमोटमधे जो साधा स्वस्त सेल टाकतो त्याचा बाहेरचा डबाच जस्ताचा असतो, म्हणजे डबा हाच इलेक्ट्रोड. डबा खाऊनच तो वीज देतो, खाऊन खाऊन भोक पडलं की चिकट पाणी रिमोटमधे. मधली कोळशाची कांडी मात्र जशीच्या तशी, ती फक्त करंट नेते. सगळेच इलेक्ट्रोड झिजतात असं नाही, हे पण मुलांना सांगायला पाहिजे. पण कोळसा आहे म्हणून टिकेलच असंही नाही हो. आपल्या अमरावती रोडवर वाडीला ॲल्युमिनियमचं एवढं मोठं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, त्या धातूच्या भट्टीत कार्बनचे मोठमोठे ॲनोड ऑक्सिजनशी मिळून कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातात, एक टन ॲल्युमिनियमला हिशेबाने ३३३ किलो कार्बन आणि प्रत्यक्षात ४०० च्या वर, आणि तीन-चार आठवड्यांनी ॲनोड बदलावाच लागतो. नागपूरच्या किती मुलांना हे केंद्र कशासाठी आहे ते माहिती आहे? शाळांनी परवानगी काढून एक सहल न्यावी.

साहेब, माझ्या दोन विनंत्या आहेत. एक, येत्या रविवारी त्याच पुरवणीत, त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात दुरुस्ती छापा की शिशाची बॅटरी पूर्ण उतरवू नये, लाईट आली की लगेच चार्ज होऊ द्यावी, आणि गावाला जाताना पूर्ण चार्ज करून स्विच बंद करून, शक्य असेल तर वायर काढून जावं, महिन्यातून एकदा कोणाला तरी चार्जिंगला लावायला सांगावं. नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायच्या आत छापलं तर बरं, कारण तेव्हाच लाईट जास्त जाते आणि तेव्हाच लोक चौकट कापून फ्रीजवर लावतात.

दोन, अकरावी-बारावीच्या मास्तरांना तुमच्यामार्फत सांगणं आहे, येत्या सत्रात डॅनियल सेल लावाल तेव्हा व्होल्टमीटर बघून दहा मिनिटांत मोडू नका. सकाळी पट्ट्या तोलून लावा, दिवसभर चालू द्या आणि संध्याकाळी मुलांना परत तोलायला लावा. माझ्याकडे खाऊन भोकं पडलेल्या जस्ताच्या पट्ट्यांचा एक डबा अजून आहे, प्रत्येकीवर साल आणि नवी असतानाचं वजन खिळ्याने कोरलेलं. कुठल्या शाळेला दाखवायला हव्या असतील तर तुमच्या कार्यालयात आणून ठेवतो, घेऊन जावं आणि वापरून परत करावं.

आपला नम्र,
एक निवृत्त लॅब असिस्टंट, नागपूर